लांब ड्रिल बिट: विकत काय घ्यायचं, घरी काय जोडायचं

दुकानात "लांब बिट द्या" एवढंच म्हटलं, तर बहुतेक वेळा हॅमर मशीनचं भिंतीचं बिट पुढ्यात येतं. त्यामुळे तीन गोष्टी नेमक्या सांगा: व्यास, कशात भोक पाडायचंय आणि फ्लूटची लांबी, म्हणजे पिळाच्या खोबणीची. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कीस बाहेर येतो तो त्या खोबणीतून. फ्लूट भोकात पूर्ण बुडाला की कीस आत दाबला जातो, बिट तापतं, अडकतं आणि मुरगळून तुटतं. बिट कितीही लांब असलं, तरी एका दमात पाडता येणारी खोली फ्लूटएवढीच.

नेहमीचं १० मिमीचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट १३३ मिमी लांब असतं, त्यात फ्लूट ८७. त्याचा क्रमांक डिन ३३८; डिन म्हणजे जर्मन मानक. लाँग सिरीजचं (डिन ३४०) १८४ मिमी, फ्लूट १२१. त्यापुढे एक्स्ट्रा लाँग, डिन १८६९. यात तीन लांब्या मिळतात: २६५, ३४० आणि ४३० मिमी. फ्लूट अनुक्रमे १८५, २३५ आणि २९५. हा डिन क्रमांक सांगितला की दुकानदाराला नेमकं कळतं. गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे ही बिटं सहसा नसतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी अशा बाजारात विचारा.

पण आधी बघा, दोन्ही बाजूंनी भोक पाडता येतंय का? टेबललॅम्पचा ४५० मिमी उंचीचा सागवानी खांब घ्या. दोन्ही टोकांकडून २२५ मिमी गेलात की काम झालं, आणि ३४० मिमीच्या बिटाचा २३५ मिमी फ्लूट त्याला पुरतो. मधे दोन्ही भोकं तीनेक मिमीने चुकली, तरी १० मिमीच्या भोकातून बारीक वायर जाते. एकाच बाजूने ४५० मिमी पाडायला गेलात, तर बिट लाकडाच्या रेषेबरोबर वाहत जाऊन खांबाच्या अंगातून बाहेर डोकावण्याची भीती असते.

लाकडात ऑगर बिट, म्हणजे टोकाला स्क्रू असलेलं पिळाचं बिट, जास्त बरं. त्याची खोबण रुंद असते, भुसा चांगला निघतो. टोकाचा स्क्रू त्याला पुढे ओढतो, पण लाकडाच्या टोकाकडून, रेषेच्या दिशेने भोक पाडताना हा स्क्रू नीट धरत नाही. तिथे मागून दाब द्यावा लागतो. चपट्या बिटाला एक्स्टेन्शन रॉड जोडणार असाल, तर रॉडच्या कॉलरचा व्यास आधी मोजा. कॉलर बिटापेक्षा जाड असेल, तर ती भोकाच्या तोंडाशीच अडेल.

बाजारात मिळालंच नाही, तर साधं बिट लांबवता येतं. १० मिमीच्या बिटाला तीन सुती, म्हणजे साडेनऊ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाची पोलादी सळई) अगदी जुळतो. बिटापेक्षा किंचित बारीक असल्याने भोकात घासत नाही. लेथवर बारच्या टोकाला बरोबर मध्यावर ६ मिमी व्यासाचं, २५ मिमी खोल भोक पाडा. बिटाचा दांडा तेवढ्याच लांबीत ५.९ मिमीपर्यंत उतरवा. आधी दांड्यावर कानस चालवून पाहा. कानस नुसती घसरली तर दांडा कडक आहे, लेथला कार्बाइडचं (जास्त कडक धारेचं) टूल लागेल. उतरवलेल्या भागावर कानशीने एक बारीक सपाट पट्टी काढा. ती नसेल, तर पुढे ब्रेझिंग करताना, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा जोडताना, आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि बिट बाहेर ढकलते.

दोन्ही तुकडे लोखंडी अँगलच्या (एल आकाराच्या पट्टीच्या) खाचेत ठेवा, म्हणजे एका रेषेत राहतील. फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारी पेस्ट) लावून चांदीमिश्रित काडीने सिल्व्हर ब्रेझिंग करा. फ्रिजवाल्याकडची तांब्याच्या नळ्यांची फॉस्फरसवाली काडी इथे नको. लोखंडावर तिचा सांधा ठिसूळ होतो. बिटाच्या फ्लूटकडच्या भागाला ओलं फडकं गुंडाळा. सांधा हवेतच थंड होऊ द्या. पाण्यात बुडवलात, तर एचएसएसला तडा जाऊ शकतो. टोकाला टोक लावून आर्क वेल्डिंग करायचा मोह टाळा. तो सांधा सरळ येत नाही आणि वेल्डशेजारी कडक झालेलं पोलाद पहिल्याच झटक्यात तुटतं. गार झाल्यावर काचेवर लोळवून पाहा. डगमगलं तर वापरू नका.

एक लक्षात ठेवा: असं लांबवल्याने पोच वाढते, फ्लूट नाही. ८७ मिमीपुढे प्रत्येक दहा मिमीला बिट पूर्ण बाहेर काढून कीस झटकावा लागतो.

वापरताना सुरुवात नेहमी साध्या आखूड बिटाने करा, ३० ते ४० मिमी खोलीपर्यंत. मग लांब बिटाचं टोक त्या भोकात बसवा आणि त्यानंतरच मशीन चालू करा. लांब बिट हवेत वेगाने फिरवू नका. ते चाबकासारखं वाकतं आणि हात-तोंड फोडतं. चष्मा घाला, हातमोजे नको. माइल्ड स्टीलमध्ये साध्या १० मिमी बिटाला ८०० आरपीएम चालतात, लांबाला निम्मे ठेवा आणि तेल देत राहा. भोक एकाच बाजूला सरकत असेल, तर बिटाच्या दोन धारा असमान आहेत का ते तपासा. जी धार लांब, ती बिटाला एका अंगाला ढकलते.

भिंतीचं बिट मात्र जोडून लांबवू नका, हॅमरचे ठोके कुठलाही घरगुती सांधा सोसत नाही. नऊ इंची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासह २६० मिमीच्या आसपास भरते. त्यासाठी एसडीएस प्लसचं (हॅमर मशीनमध्ये बसणाऱ्या खाचेदार दांड्याचं) ४५० मिमीचं बिट घ्या. आधी आखूड बिटाने दिशा धरा. एसीच्या नळीचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. शेवटचे ३० मिमी राहिले की हॅमर बंद करून नुसतं फिरवत न्या, नाहीतर पलीकडच्या गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा निघतो.