विमान पडलं, आता त्यातले सर्व्हो वापरायचे का? असे तपासा

मागच्या रविवारी आमचं रिमोटवर उडणारं फोमचं विमान धुऱ्यावरच्या बाभळीला घासलं आणि सरळ पऱ्हाटीत घुसलं, नाक चपटं, उजव्या पंखाचे दोन तुकडे. पण आत नऊ ग्रॅमवाले चार सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या गियरवाल्या छोट्या मोटरी) होते, आणि आमच्या गावात सर्व्हो भेटत नाही, नागपूरहून आणा नाहीतर ऑनलाईन मागवून कुरिअरची वाट पाहा. म्हणून पडलेल्या विमानातले सर्व्हो मी फेकत नाही.

पण हलतो म्हणजे चांगला, असं अजिबात धरू नका. दोन वर्षांआधी मी असाच एक "चालून राहिला ना" म्हणून एलेव्हेटरला (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) लावला, तिसऱ्या उड्डाणात त्याच्या गियरचे दात घसरले आणि अख्खं विमान गेलं. शंभर-दीडशेच्या सर्व्होपायी तीन हजाराचं विमान!

सगळ्यात आधी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी काढा. फुगली असेल, चेपली असेल तर घराबाहेर रेतीत ठेवा, चार्ज तर करूच नका. मग सर्व्हो काढताना तो गरम ग्लूने चिकटवलेला असेल तर वायर धरून ओढू नका, कटरने फोम कापा. काळी माती ओली असताना आत गेली की वाळून दगडासारखी होते, त्यामुळे चिखल दिसला तर करंट द्यायचाच नाही, आधी खोलून ब्रशने साफ करायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा.

आता बाहेरून पाहा. कान (स्क्रू मारायच्या बाजूच्या पट्ट्या) तुटले आहेत का, डब्बीला चीर आहे का, आणि वायर जिथून डब्बीत शिरते तिथे कापली-सोलली आहे का. कान तुटला तर चालून जाते, ग्लूने बसवता येतो, पण चीर आउटपुट शाफ्टजवळ (बाहेरचा छोटा हात, म्हणजे आर्म, ज्यावर बसतो तो फिरणारा दांडा) असेल तर तो सर्व्हो विमानातून बाद, कारण लोड आला की डब्बी फाकते आणि गियर एकमेकांपासून सुटतात.

यानंतर बोटाची परीक्षा, माझ्या मते हीच खरी. करंट न देता आर्म हळूहळू, जोर न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सारखा जडपणा लागला पाहिजे. मध्येच खटका लागला, किंवा एका जागी हात एकदम मोकळा झाला तर तिथे दात गेला समजा. मधल्या भागात दोन-तीनदा फिरवा, कारण विमान बहुतेक सरळच उडत असते, म्हणजे पडताना आर्म मधोमध असतो, आणि कंट्रोल सरफेसला (पंख-शेपटीच्या हलणाऱ्या पट्टीला) बसलेला झटका पुशरॉडमधून (पट्टी आणि आर्म जोडणारी तार) येऊन त्या वेळी अडकलेल्या दातांवरच पडतो. या चारपैकी एकात मला असाच खटका लागला. खालचे चार लांब स्क्रू काढून वरचं झाकण उचललं तर पांढऱ्या गियरचा एक दात मुळापासून गायब, आणि ग्रीसमध्ये नखाच्या टोकाएवढा पांढरा कण चिकटलेला. खोलायच्या आधी आणि झाकण उचलल्यावर मोबाईलने फोटो काढत जा, नाहीतर कोणता गियर कोणावर होता ते आठवत नाही. गियर सेट भेटला तर बदला, आणि खोबरेल तेल वगैरे घालू नका, असलेलं ग्रीस साफ असेल तर तेच राहू द्या.

बोटाच्या परीक्षेत पास झाला की मग करंट. सर्व्हो टेस्टर (नॉब फिरवून सर्व्हो हलवणारी छोटी डब्बी) असेल तर बरं, नाहीतर रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरवर लावा, फक्त मोटरवरचा प्रोपेलर काढून ठेवा. ५ व्होल्ट पुरेत. एसजी९० या नऊ ग्रॅमवाल्या मॉडेलमध्ये तपकिरी वायर ग्राउंड, लाल प्लस, नारंगी सिग्नल. सिग्नलच्या वायरमधून सेकंदाला साधारण ५० पल्स (विजेचे छोटे ठोके) जातात, १.५ मिलिसेकंदाचा पल्स म्हणजे मधोमध, आणि आर्म कुठे आहे हे आतला छोटा पॉट (पोटेन्शिओमीटर, आर्मसोबत फिरून त्याची जागा मोजणारा भाग) सांगत असतो. तर टेस्टरचा नॉब (नाहीतर रिमोटची काडी) हळू फिरवा आणि कान लावून ऐका. कर्रर्र आवाज म्हणजे गियर. आर्म एकाच जागी थरथरत असेल तर पॉट घासला किंवा त्यात घाण गेली. एका टोकाला जाऊन तिथेच अडकून गुणगुणत राहिला तर बहुतेक पॉटची वायर तुटली आहे, लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. हे सगळं ठीक असेल तर मधोमध थांबवून आर्मला बोटाने हलका दाब द्या, त्याने विरोध केला पाहिजे, टिक करून घसरला तर बाद. वायर मुळाशी हलवूनही पाहा. मग पंधरा मिनिटं इकडून तिकडे चालवत ठेवा आणि डब्बीला हात लावा, कोमट चालेल, चटका नको.

आता लावायचा कुठे? एलेव्हेटरला मी नवाच लावतो, तिथे सर्व्हो गेला की विमान वाचवायला हातात काहीच राहत नाही. सगळ्या परीक्षा पास झालेला रडरला (शेपटीची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) चालते. एलेरॉनला (दोन्ही पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) लावायचे तर दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या, वेग वेगळा असेल तर विमान वाकडं वळते. मेटल गियरवाल्याचे दात सहसा शाबूत राहतात म्हणून त्याला तसाच पास करू नका, त्याचा ढिलेपणा नव्याच्या बाजूला ठेवून पाहा.

चारपैकी दोन पास झाले, त्यावर मार्करने तारीख आणि "पडलेला" लिहून ठेवलं. थरथरणारा तिसरा ज्वारीतल्या बुजगावण्याच्या हातात चमकीची पट्टी हलवायला लावून राहिलो, तिथे त्याने चूक केली तरी काही पडत नाही. दात गेलेल्या चौथ्याचे आर्म, स्क्रू आणि प्लगवाली वायर काढून डब्यात टाकली.