नवा फोन घेतलाय? जुना पुसण्याआधी या चुका टाळा

फोन बदलताना गेलेल्या गोष्टी परत मिळतील का, हे विचारायला लोक माझ्याकडे नेहमी एकाच टप्प्यावर येतात: जुना फोन रीसेट करून, म्हणजे आतलं सगळं पुसून, दुसऱ्याच्या हातात देऊन झाल्यावर. आदल्या दिवशी विचारलं असतं तर तासाभराचं काम होतं. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा काहीच करता येत नाही. चुका त्याच त्या, माणसं फक्त नवी. फोन कुठला घ्यावा यावर महिनाभर व्हिडिओ बघणारी मंडळी जुन्या फोनमधला ऐवज हलवायला एक संध्याकाळ द्यायला तयार नसतात, याचा मला खरोखर राग येतो. फोन पुन्हा विकत घेता येतो. त्यातले फोटो येत नाहीत.

सिंकलाच बॅकअप समजणं

सिंक म्हणजे एकच संग्रह सगळ्या उपकरणांवर सारखा ठेवणं, बॅकअप म्हणजे वेगळी राखून ठेवलेली प्रत. सगळ्यांत जास्त नुकसान ही चूक करते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

गूगल फोटोज असो की आयक्लाउड फोटोज, खातं एकच असलं की जुना फोन, नवा फोन, टॅब्लेट आणि वेबसाइट या सगळ्यांवर दिसणारा संग्रह एकच असतो. फोटो चार पडद्यांवर दिसतो म्हणून त्याच्या चार प्रती आहेत असं होत नाही. बॅकअप झालेला फोटो एका फोनवरच्या फोटो ॲपमधून डिलीट केला की तो सगळीकडून जातो. गूगल फोटोजमध्ये असा फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, आयफोनवर 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये साधारण ३० दिवस. नंतर कायमचा जातो. ट्रॅश हाताने रिकामा केला, तर तेवढी मुदतही मिळत नाही.

माझ्या मावसबहिणीने नवा फोन घेतला. जुना फोन मुलाला द्यायचा होता. नव्या फोनवर तिने स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं, सगळे फोटो दिसले, आणि काम झालं असं तिला वाटलं. मग मुलाच्या हातात जाण्याआधी जुना फोन 'साफ' करावा म्हणून ती फोटो ॲप उघडून बसली. वर्षांमागून वर्षं सिलेक्ट करत सगळं डिलीट केलं. जागा अजून भरलेलीच दिसतेय म्हणून ट्रॅशही रिकामा केला. जुन्या फोनवर तिचं खातं अजून चालूच होतं. संध्याकाळी तिचा फोन आला, "दादा, नव्या फोनमधले फोटो आपोआप जातायत."

मी पहिला प्रश्न ट्रॅशचा विचारला. उत्तर ऐकल्यावर पुढचं सांगणं जड गेलं. नव्या फोनवर तिला दिसत होत्या त्या क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या, फोटोंच्या लहान प्रतिमा. मूळ फोटो त्या फोनवर कधी उतरलेच नव्हते. त्यात तिच्या वडिलांच्या शेवटच्या काही वर्षांचे फोटो होते.

पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघं नातेवाइकांच्या चॅटमधून, तिच्या एका जुन्या लॅपटॉपमधून, कुणाला कधीतरी पाठवलेल्या ईमेलमधून फोटो गोळा करत होतो. बरेच सापडले. पण चॅटमधून जाणारा फोटो आकाराने दाबला जातो आणि त्याच्यात नोंदलेली मूळ तारीख, वेळ, ठिकाण निघून जातं. त्यामुळे मिळालेले फोटो सगळे उतरवल्याच्या तारखेचे झाले. कपडे आणि केस बघून कुठला फोटो कुठल्या वर्षाचा ते ती ठरवत बसली होती. व्हिडिओ जवळजवळ सगळेच गेले, कारण मोठे व्हिडिओ तिने कुणाला पाठवलेच नव्हते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. फोटोंची एक प्रत केबलने कॉम्प्युटरवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो. ती प्रत कुठल्याही खात्याला जोडलेली नसते, म्हणून कुणाच्या बोटाने पुसली जात नाही. मग त्या प्रतीतला एक अगदी जुना फोटो, एक मधल्या काळातला आणि एक मोठा व्हिडिओ उघडून बघतो. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवतो, कारण अर्धवट कॉपी झालेली फाइल नावाने आणि चित्राने पूर्ण असल्यासारखीच दिसते. नव्या फोनवर फोटो खरोखर उतरलेत का हे बघायचं असेल तर एअरप्लेन मोड लावून, वायफायही बंद आहे ना ते पाहून, जुने फोटो उघडा. जो धूसर राहील किंवा गोल फिरत बसेल, तो त्या फोनवर नाही.

फक्त जागा करायची असेल, तर गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' आहे. तो पर्याय बॅकअप झालेल्या फोटोंची फोनवरचीच प्रत काढतो. आयफोनवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' आहे, तो मूळ फोटो आयक्लाउडवर ठेवून फोनवर लहान प्रत ठेवतो. हे दोन पर्याय असताना हाताने डिलीट करत बसण्याचं काही कारण नाही.

आणि बॅकअप 'चालू' आहे यावर विसंबू नका. गूगल खात्याची फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते, आणि १ जून २०२१ पासून कमी दर्जात साठवलेले फोटोही, गूगलचे मोजके जुने पिक्सेल फोन सोडले तर, त्याच जागेत मोजले जातात. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच. ती भरली की बॅकअप थांबतो. सूचना येते, आपण ती बाजूला सरकवतो आणि पुढचे फोटो फक्त फोनवर राहतात. शेवटचा बॅकअप झालेला फोटो कुठल्या तारखेचा आहे, एवढं तरी बघा.

कोड देणारं ॲप जुन्या फोनसोबत पुसणं

ही माझी दुसरी डोकेदुखी. ईमेल किंवा कामाच्या खात्यांना दुसरं कुलूप म्हणून ऑथेंटिकेटर ॲप लावलेलं असतं. ते दर ३० सेकंदांनी ६ आकडी कोड दाखवतं. लोकांना वाटतं, सिम नव्या फोनमध्ये घातलं म्हणजे कोडही तिकडे येतील. ते एसएमएसच्या बाबतीत खरं आहे. ऑथेंटिकेटरचा सिमशी काहीच संबंध नाही. खातं जोडताना क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली त्या फोनमध्ये साठवली जाते, आणि ती किल्ली अधिक त्या क्षणीची वेळ यांच्यातून कोड तयार होतो. म्हणूनच इंटरनेट नसतानाही तो दिसतो. फोन पुसला की किल्लीही गेली.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एक्स्चेंजची सूट मिळतेय म्हणून काउंटरवर उभ्याउभ्या फोन रीसेट करून दिला. रात्री नव्या फोनवर मुख्य ईमेलमध्ये शिरायला गेला तर कोड मागितला. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक त्याच ईमेलवर जाणार होत्या. खातं परत मिळेपर्यंत त्याने जे सहन केलं, त्यापुढे ती सूट काहीच नव्हती. घाईच्या माणसाला काउंटरवरची सूट नेहमी मोठी दिसते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

जुना फोन हातात असतानाच ऑथेंटिकेटरमधलं 'ट्रान्सफर' वापरा आणि नव्या फोनवरचा कोड देऊन एका तरी खात्यात नव्याने लॉगिन करून बघा. गूगल ऑथेंटिकेटरला एप्रिल २०२३ पासून खात्याशी सिंक करता येतं, पण ते तुमच्याकडे सुरू आहे का हे स्वतः तपासा. प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचे रिकव्हरी कोड, म्हणजे ऑथेंटिकेटर हाताशी नसताना आत शिरायला खातं देतं ते राखीव कोड, मी कागदावर लिहून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवतो. त्यांचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवणारे लोक मला भेटतात, आणि त्याचा काय उपयोग हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर घाईघाईने 'स्किप' दाबणं

नव्या फोनवर नंबर टाकल्यावर जुना बॅकअप सापडला, रिस्टोअर करायचा का, म्हणजे जुने चॅट परत आणायचे का, असा प्रश्न येतो. 'नंतर बघू' म्हणून स्किप केलं, तर तो प्रश्न सेटिंग्जमध्ये पुन्हा मिळत नाही. ॲप काढून परत टाकावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात नव्या फोनने रिकाम्या चॅटचा बॅकअप घेतला, तर जुन्यावर तो चढून बसतो. असं झालं असेल तर जुना फोन हाच एकमेव आधार, म्हणून तो पुसलेला नसावा.

रिस्टोअरला तोच नंबर आणि ज्यात बॅकअप आहे तेच गूगल किंवा ॲपल खातं लागतं. हलवण्याआधी जुन्या फोनवर 'चॅट बॅकअप' उघडून शेवटची तारीख बघा आणि बॅकअप हाताने घ्या. व्हिडिओ धरण्याचा पर्याय वेगळा असतो, तोही बघा. बॅकअपला पासवर्ड लावला असेल आणि तो आठवत नसेल, तर तो बदलण्याची वेळ जुना फोन चालू असतानाचीच. विसरलेला पासवर्ड व्हॉट्सॲपही काढून देऊ शकत नाही.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर जाणार असाल, तर २०२३ पासून 'ट्रान्सफर चॅट्स' आहे. क्यूआर स्कॅन करून चॅट थेट जातात, क्लाउड मधे येत नाही. मी तेच वापरतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना मात्र गूगलवरचा बॅकअप आयफोनला वाचता येत नाही. त्यासाठी 'मूव्ह टू आयओएस' वापरावं लागतं आणि ते नवा आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच. आधी आयफोन लावून मग चॅट बघू म्हणणाऱ्यांना तो रीसेट करून पुन्हा सुरुवात करावी लागते.

जुन्या फोनवर 'डिलीट अकाउंट' कधीही दाबू नका. त्याने ॲप निघत नाही, तुमचं खातं जातं, सगळे ग्रुप सुटतात.

काही छोट्या, पण रोजच्या

संपर्क सिमवर किंवा फक्त फोनवर सेव्ह असतील, तर ते आधी खात्यात हलवा. सिमवर जेमतेम नाव आणि नंबर मावतो.

मेमरी कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फॉरमॅट केलं असेल, तर ते दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही. आधी त्यातलं सगळं उतरवा.

ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच साठवलेलं सिम, असेल तर रीसेटच्या आधी नव्या फोनवर न्या.

नोट्स आणि व्हॉइस रेकॉर्डिंग लोक हमखास विसरतात. ती ॲप्स बरेचदा कुठेच सिंक होत नाहीत.

'एका क्लिकमध्ये सगळा डेटा हलवा' अशी अनोळखी ॲप्स टाकू नका. फोनमधल्या यच्चयावत गोष्टींची परवानगी तुम्ही कुणाला देताय ते कळतही नाही. फोन कंपनीची स्वतःची सोय असताना हा आडमार्ग कशासाठी?

रीसेटची घाई, आणि उलटा रीसेट

जुना फोन चार्ज करून किमान महिनाभर घरात ठेवा. मी ठेवतो आणि घरच्यांनाही ठेवायला लावतो. महिन्यातून एकदाच लागणारं एखादं ॲप, एखादं बिलाचं खातं त्या काळात नव्या फोनवर मागणी करतंच, आणि तेव्हा जुना फोन लागतो.

दुसऱ्याला देताना हाताने एकेक गोष्ट डिलीट करू नका. त्याने काय होतं ते वर सांगितलंच, शिवाय लॉगिन तसेच राहतात. रीसेट पूर्ण करा, पण योग्य क्रमाने. आयफोनवर आधी 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करून ॲपल खात्यातून साइन आउट व्हा, नाहीतर २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत आलेलं ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुनं ॲपल खातं मागणारं कुलूप, फोनवर तसंच राहतं. अँड्रॉइडवर गूगल खातं काढून मग सेटिंग्जमधून रीसेट करा. फोन बंद असताना बटणं दाबून उघडणाऱ्या 'रिकव्हरी' मेनूतून केलेल्या रीसेटनंतर चोरीविरोधी कुलूप जुनं खातं मागतं. अँड्रॉइड ५.१ पासूनची ही सोय चोरासाठी आहे, पण तुमच्या भाच्यालाही तितकीच अडवते.

रीसेटनंतर आत काही उरेल म्हणून पुन्हा पुन्हा व्हिडिओ भरून पुसण्याचा सल्ला जुना झाला. आताच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. त्यापेक्षा फोन देण्याआधी एकदा चालू करून वायफायला जोडा. सेटअपमध्ये त्याने तुमचं जुनं खातं किंवा पिन मागितला, तर तो अजून द्यायच्या अवस्थेत नाही. ते कुलूप काढायला त्या क्षणी तुम्हीच लागणार आहात.