दिवसभर पायी शिकारीसाठी बूट निवडताना

बूट संध्याकाळी घालून बघा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात, आणि रानातही तसेच होणार. मोजे मात्र तेच घाला, जे शिकारीला घालाल: लोकरीचे, जाडसर. सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओली कातडी घासते आणि फोड येतात.

नाडी न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट सहज जायला हवे. मग नाडी घट्ट बांधून उतारावर किंवा जिन्यावरून उतरा. बोटे पुढे आपटली तर तो बूट सोडून द्या. डोंगर उतरताना नखे काळी पडतात ती यामुळेच. चढताना टाच जेमतेम हलावी. ती वर-खाली होत असेल तर नंबर बदलण्याआधी घोट्यापाशी नाडीला दुहेरी पीळ देऊन पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने भागते.

आधार तपासायला टाच आणि चवडा धरून बूट पिळा. फडक्यासारखा पिळला गेला तर दगडधोंड्यांत तळवे दुखणार. वाकावा तो चवड्यापाशी, मधोमध नव्हे. खडबडीत चढ-उतारासाठी ८ इंच उंचीचा बूट बरा. सपाट रानात ६ इंची पुरतो.

जाड अस्तराचा मोह टाळा: ते मचाणावर बसणाऱ्यासाठी, चालणाऱ्याचा पाय त्यात आतूनच भिजतो.

नवे बूट थेट शिकारीला नेऊ नका. आधी २-३ आठवडे रोज तासभर वापरा, शेवटी पाठीवर ओझे घेऊन.