टायरची हवा सकाळीच मोजा

मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात परभणीहून नांदेडला गाडी नेऊन पंपावर हवा तपासली, तर तापलेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्तच दिसतात. हवा भरणारा ती जास्तीची हवा सोडून देतो आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी कमी हवेवर पळते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्या दबण्या-उठण्यात इंधन जातं. शिवाय दोन्ही कडा झिजतात आणि टायर फुटायचा धोका वाढतो. गरम टायरमधली हवा कधीच सोडू नका.

गाडी किमान तीन तास उभी असताना, ऊन चढायच्या आत मोजा. योग्य आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा, तो धरायचा नाही. छोट्या गाड्यांना साधारण ३० ते ३३ पीएसआय लागतात. लग्नाला पाच जण आणि सामान घेऊन निघालात, तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा पाहा. पंधरा दिवसांतून एकदा, स्टेपनीसकट. स्वतःचा गेज असलेला बरा.

हवा ठीक असूनही अ‍ॅव्हरेज पडतंय? थोडं चालवून, ब्रेक फारसा न दाबता थांबा आणि चाकांजवळ हात न्या, रिमला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय.

अ‍ॅव्हरेज मोजताना टाकी ऑटो-कटपर्यंत, म्हणजे पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, ४००-५०० किलोमीटरनंतर त्याच पंपावर तशीच भरा. किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा.