जुनं स्क्रोल सॉ मशीन: दुरुस्त करावं की निकालात काढावं?

'दुरुस्तीला निम्म्याहून जास्त खर्च येत असेल तर सरळ नवं घ्या.' हा सल्ला मला आजवर इतक्या जणांनी दिलाय की ऐकला की हात जोडावेसे वाटतात. स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पातं वरखाली करून लाकडात जाळीकाम कापणारं मशीन, उघडून काय झिजलंय ते कळेपर्यंत खर्चाचा आकडा येणार कुठून? आणि ते एकदा कळलं की टक्केवारीची गरजच उरत नाही. दुसरे सल्लागार वयावर बोट ठेवतात. ओतीव लोखंडाच्या आर्मचं (पातं धरून वरखाली होणाऱ्या दोन दांड्यांचं) जुनं धूड नीट तेलपाणी केलं तर मालकापेक्षा जास्त टिकतं, आणि पातळ पत्र्याचं नवंकोरं मशीन दोन सीझनमध्ये खुळखुळा होतं. दोन्ही प्रकार माझ्याकडे होऊन गेलेत.

2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून प्लायच्या आणि एमडीएफच्या मखरांची कामं वाढली. तसं माझं मशीन जुलैपासून विसर्जनापर्यंत रोज पाच-सहा तास चालतं. त्यामुळे पहिली पायरी कॅलेंडर पाहण्याची. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मशीन उघडू नका. ठकठक करत असेल तर करू दे, वेग कमी ठेवून काम उरका. निर्णय अनंत चतुर्दशीनंतर.

काही मशीन उघडण्याचीही गरज नसते. वरचा किंवा खालचा आर्म तडकला असेल तर विषय संपला. वेल्डिंगवाला 'करून देतो' म्हणेल, करूनही देईल, पण मिनिटाला हजारभर हिसके बसणाऱ्या ओतीव भागावरचा जोड किती दिवस टिकणार? फक्त पिनवालीच पाती (टोकांना आडवी पिन असलेली) घेणारं मशीन असेल तरी माझं मत तेच. पिन आरपार जायला 5 मिमीच्या आसपास भोक पाडावं लागतं, बारीक प्लेन (बिनपिनच्या) पात्याला मिलिमीटरभर पुरतं. जाळीकाम करायचं असेल तर पिनवाल्यावर दुरुस्तीचा रुपयाही घालू नका.

आता फुटकळ गोष्टी, एका दमात. पातं क्लॅम्पमधून सुटत असेल तर क्लॅम्पचे स्क्रू पॉलिश पेपरवर घासा आणि पात्याच्या टोकांवरचं कारखान्यातलं तेल पुसा. स्क्रूचे आटे गेले असतील तर स्क्रू बदला. भुसा उडवणाऱ्या फुंकणीची नळी फाटली असेल तर मत्स्यालयाची नळी बसते. मशीन थरथरत असेल तर आधी टेबल तपासा. ड्राय बाल्कनीतल्या डुगडुगत्या टेबलावर कुठलंही मशीन थरथरणारच. जाड प्लायवर बोल्टने आवळा आणि मग बोला.

इतकं करूनही ठकठक राहिली तर खरी पायरी सुरू होते. मी इथेच दोनदा तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या खेपेला ठकठक ऐकून मी मोटारीवर आळ घेतला. एका रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्यानेही ऐकून मान डोलावली आणि मोटार भरून दिली. आठवड्याने घरी आणून जोडली, तर ठकठक तश्शीच. मोटार निर्दोष होती. हे कळायला दहा मिनिटं आणि एक पाना पुरला असता. प्लग काढायचा, बाजूचं झाकण उघडायचं आणि एक्सेंट्रिकवरचा (मोटारीने फिरणाऱ्या, मध्य सोडून बसवलेल्या चकतीवरचा) कनेक्टिंग रॉड, म्हणजे आर्मला हलवणारा दांडा, सोडून दोरीने बाजूला बांधून ठेवायचा, म्हणजे फिरत्या वजनात अडकणार नाही. सुटलेला बोल्ट, वॉशर तिथून काढून घ्यायचे आणि प्लग लावून, हात लांब ठेवून मोटार एकटी काही सेकंद चालवायची. गुळगुळीत फिरली तर मोटारीचं नाव पुन्हा काढायचं नाही. घरघर आली तर मोटारीची बेअरिंगं गेलीत.

दुसरी चूक जास्त शहाणपणाची, म्हणून जास्त महागात पडलेली. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये खेळ (सैलपणा) आहे का ते पाहायला मी एक्सेंट्रिक हाताने मागेपुढे हलवलं. ते दहा-बारा अंश फिरत होतं आणि आर्म ढिम्म. झालं, बेअरिंग गेलं म्हणून मी नवं मागवलं, दोन आठवडे वाट पाहिली, ठोकून बसवलं, पुन्हा हलवलं. पुन्हा तेच! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मशीन नेमकं टॉप डेड सेंटरला, म्हणजे चालीच्या अगदी वरच्या टोकाला, थांबलेलं होतं. तिथे एक्सेंट्रिक फिरलं तरी आर्म जवळपास हलतच नाही, बेअरिंग कालच बसवलेलं असलं तरी. हिशेब करून पाहा. 19 मिमीचा स्ट्रोक (पात्याची वरखाली चाल) असेल तर डेड सेंटरपासून 10 अंश फिरवल्यावर पातं सरकतं जेमतेम 0.14 मिमी. तेच 10 अंश स्ट्रोकच्या मध्यावर फिरवले तर पातं दीड मिलिमीटरहून जास्त सरकतं.

म्हणून खेळ तपासायचा तो स्ट्रोकच्या मध्यावर. पातं लावा, नेहमीचा ताण द्या, बोटाने छेडल्यावर टिंग वाजलं पाहिजे. आर्म मध्यावर आणा. डाव्या हाताने खालचा आर्म नुसता धरा, दाबू नका. उजव्या हाताने एक्सेंट्रिक अगदी थोडं मागेपुढे करा. ते हललं आणि आर्मपर्यंत काहीच पोचलं नाही, शिवाय बोटांना बारीक 'टक्' जाणवलं, तर खेळ खरा. कनेक्टिंग रॉडच्या कुठल्या टोकाला आहे ते त्या सांध्यावर बोट ठेवलं की कळतं.

कानानेही बरंच कळतं, फक्त ताण बदलून ऐकायचं. सगळ्यात कमी वेगावर मशीन चालवा आणि पात्याचा ताण थोडा वाढवा. ठकठक बदलली किंवा थांबली तर दोष वरच्या बाजूला आहे: आर्मचे सांधे, मागचा ताणाचा रॉड, नाहीतर क्लॅम्प. काहीच फरक पडला नाही तर कनेक्टिंग रॉडकडे वळा. तिथला जोर दर फेऱ्याला दोनदा दिशा बदलतो, त्याला पात्याच्या ताणाशी देणंघेणं नसतं.

आर्मचं टोक आडवं हलवून 'बापरे, किती हलतंय' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सांधा मागे, टोक हातभर पुढे. बुशातला (सांध्याच्या भोकात बसवलेल्या धातूच्या नळीतला) केसभर खेळ टोकाला मिलिमीटरभर दिसतो. त्याऐवजी जाडसर लाकडाचा ठोकळा टेबलावर घट्ट धरून पात्याने त्यात अगदी उथळ खाच पाडा, प्लग काढा आणि हाताने मशीन फिरवा. पातं वरखाली होताना खाचेतच राहिलं तर आर्म कामाचे आहेत. आडवं सरकून खाचेच्या कडा रुंद करत असेल तर बुश झिजलेत. मशीन सी-आर्मचं (दोन्ही आर्म मिळून C आकाराचा एकच तुकडा) असेल तर पुढेमागे होणाऱ्या हालचालीवरून घाबरू नका. त्याचं पातं कमानीतच फिरतं, रचनाच तशी आहे.

आता दुरुस्त की नवं, याचं उत्तर जिथे मिळतं ती जागा. झीज बुशाच्या आत आहे, की बुश ज्या भोकात बसलाय ते भोकच मोठं झालंय? मी पेन्सिल वापरतो. आर्मच्या बाजूने दिसणाऱ्या बुशाच्या कडेवरून थेट आर्मच्या धातूवर एक सरळ रेघ ओढायची आणि मशीन पाच मिनिटं चालवायचं. रेघ अखंड राहिली तर बुश भोकात घट्ट आहे, झीज आतली आहे, मशीन वाचलं. रेघ तुटून दोन तुकडे सरकले तर बुश भोकातच फिरतोय आणि आर्म आतून खाल्ला जातोय. भोक बोअर करून मोठा बुश बसवता येतो, पण दोन्ही आर्मच्या सांध्यांमधली अंतरं तंतोतंत सारखी राहावी लागतात. अर्धा मिलिमीटर केंद्र सरकलं तरी दोन आर्म समांतर चालत नाहीत आणि पातं प्रत्येक फेऱ्याला तिरकं होतं. असलं काम मनापासून करणारा टर्नर (लेथवाला) तुमच्या ओळखीचा असेल तरच या वाटेला जा. नसेल तर मशीन निकालात काढा. पुण्याजवळच्या भोसरीत लेथ पुष्कळ आहेत, पण एका गिऱ्हाइकाचे दोन आर्म घेऊन अर्धा दिवस सेटिंग लावायला कुणालाच परवडत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

रेघ अखंड असेल तर नवीन बुश करायला धावण्याआधी तेल. पुष्कळ मशीनचे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात. ते आतून कोरडे पडले की किंचाळतात आणि झिजल्यासारखे वागतात. काढून रात्रभर एसएई 30 तेलात बुडवून ठेवा. ग्रीस अजिबात लावू नका, छिद्रं बुजतात. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, दोन दिवसांत उडून जातं. माझ्याकडे 'गेलं' म्हणून आलेली निम्मी मशीन या एका रात्रीत परत गेली. तेलानेही भागलं नाही तर टर्नरकडून गनमेटलचे बुश करून घ्या. सगळे एकाच वेळी, जुनी पिन सोबत देऊन. 0.02-0.03 मिमीची फट पुरे. पिन हाताने सरकली पाहिजे, डुलता कामा नये.

बॉल बेअरिंग असतील तर काम सोपं. बाहेरच्या रिंगवरचा नंबर वाचा आणि बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात तो सांगा. 608 म्हणजे आतलं भोक 8, बाहेरचा व्यास 22, जाडी 7 मिमी. फक्त रबर सीलचं, म्हणजे 2आरएस, मागा. पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये एमडीएफचा भुगा पिठासारखा शिरतो.

मोटारीचे कार्बन ब्रश 5-6 मिमीवर आले असतील तर बदला. वेग कमीजास्त होत असेल तर आधी रेग्युलेटरचा नॉब, मग कार्ड (वेग सांभाळणारं सर्किट). पुण्याच्या तपकीर गल्लीत नॉब नक्की मिळतो, कार्ड जुळलं तर नशीब.

अमेरिकेतून भाच्याने पाठवलेलं मशीन असेल तर थोडं थांबा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण तिकडची वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची, हा फरक तसाच राहतो. इंडक्शन मोटार इथे पाच-षष्ठांश वेगाने फिरते, मिनिटाला 1725 फेऱ्यांची साधारण 1440, आणि 120 व्होल्ट दिले तर तापते. तिला 100 व्होल्टच्या आसपास द्या. अशा मोटारीचा गरमपणा म्हातारपणाचं लक्षण समजून मशीन विकणारे मी पाहिलेत. ब्रशवाल्या डीसी मोटारीला हर्ट्झचा फरक पडत नाही, तिला व्होल्टेज जुळलं की झालं.

निकालात काढायचं ठरलंच तर अख्खं भंगारात देऊ नका. मोटार, क्लॅम्प, स्विच, टेबलाचे बोल्ट काढून ठेवा. उरलेला सांगाडा बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात न्या. ओतीव लोखंडाला तिथे अजून मान आहे.

नवं घ्यायला जाताना खिशात तीन गोष्टी ठेवा: तुमचं नेहमीचं 5 नंबरचं प्लेन पातं, पेन्सिल आणि रुपयाचं नाणं. पातं लावायला किती वेळ लागतो ते स्वतः लावून पाहा, कारण जाळीकामात ते दिवसातून पन्नासदा काढघाल करायचं असतं. क्लॅम्प आणि बुश सुटे मिळतात का, ते दुकानदाराला पैसे काढण्याआधी विचारा. मग प्लग काढून स्ट्रोकच्या मध्यावर खेळ तपासा. शेवटी मशीन बोल्टने आवळायला लावा आणि मधल्या वेगावर चालू करून टेबलावर नाणं कडेवर उभं करा. पडलं तर दुसरा पीस काढायला सांगा. दुकानदार वैतागेल, पण दुसऱ्या पीसवर नाणं बहुतेक उभं राहतं, आणि मग तोही वाकून बघायला लागतो.