डोळे मिटा, अल्फा बघा, मगच सूर वाजवा: ओपनवाइबवर बायोफीडबॅकची जुळणी

बायोफीडबॅक म्हणजे शरीरातला एखादा सिग्नल वाढला की त्याच क्षणी सूर वाजवून माणसाला कळवायचं. इथे तो सिग्नल म्हणजे अल्फा, डोळे मिटून शांत बसल्यावर वाढणारी ८ ते १२ हर्ट्झची मेंदूची लहर. मेंदूच्या लहरी बघण्यासाठी मुक्त सॉफ्टवेअर बरीच आहेत. इथे ओपनवाइब घेतलं आहे, कारण त्यात प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी अडत नाही: पडद्यावर चौकोन ठेवायचे, रेघांनी जोडायचे, की साखळी चालू. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत ते तयार झालं, परवाना एजीपीएल हा मुक्त परवाना, चालतं विंडोज आणि लिनक्सवर. हार्डवेअर म्हणून, म्हणजे डोक्यावरचा सिग्नल मोजायला, ओपनबीसीआय कंपनीचा सायटन बोर्ड धरला आहे: ८ चॅनेल, २४ बिट, सेकंदाला २५० नमुने. तुमच्याकडे म्यूजचा, डोक्याला बांधायचा तयार ईईजी पट्टा असेल तर म्यूज-एलएसएल या प्रोग्रॅममधून सिग्नल सोडा आणि ओपनवाइबच्या सर्व्हरमध्ये (बोर्डाचा सिग्नल घेणाऱ्या भागात) लॅब स्ट्रीमिंग लेअर हा ड्रायव्हर निवडा. चौकोनांची साखळी तीच राहते.

एक नियम मात्र पक्का ठेवा. डोळे मिटल्यावर पडद्यावरचा अल्फा ठळक वाढलेला दिसत नसेल, तर फीडबॅकचा सूर जोडायचा नाही. येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, नोंदवला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून डोळे मिटण्याची ही कसोटी चालत आली आहे. ती न करता वाजवलेला सूर बहुतेक वेळा जबड्याच्या स्नायूंचा नाहीतर हलणाऱ्या वायरीचा असतो.

बोर्ड लावण्याआधी

सर्व्हरमध्ये जनरिक ऑसिलेटर हा ड्रायव्हर निवडून, कनेक्ट आणि मग प्ले दाबा. हा नुसता कृत्रिम सिग्नल असतो, पण पुढची सगळी साखळी त्यावर तपासून घेता येते. डोक्याला पेस्ट लागलेली असताना कुठला चौकोन चुकीचा जोडलाय हे शोधत बसणं फार वैतागाचं असतं.

इलेक्ट्रोड

आदल्या रात्री केस शॅम्पूने धुवा, कंडिशनर नको आणि तेल तर अजिबात नको. खोबरेल तेलाचा पातळसा थरही संपर्क बिघडवायला पुरतो.

अल्फा सगळ्यात जोरात मिळतो तो डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ१ आणि ओ२ या जागांवर. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजा. अंतर ३६ सेंमी आलं तर त्याचे १० टक्के, म्हणजे ३.६ सेंमी, त्या उंचवट्यापासून वर जा. आता डोक्याचा घेर मोजा. ५६ सेंमी असेल तर त्याचे ५ टक्के, म्हणजे २.८ सेंमी, डावीकडे ओ१ आणि तितकंच उजवीकडे ओ२.

केसांचा भांग पाडून कातडी स्पिरिटच्या कापसाने पुसा. सोन्याचा मुलामा असलेल्या कपमध्ये टेन-ट्वेंटी पेस्ट काठोकाठ, किंचित वर येईल इतकी भरा, दाबून बसवा आणि वरून गॉजचा तुकडा चिकटवा. ओ१ आणि ओ२च्या वायरी चॅनेल १ आणि २च्या खालच्या पिनांना लावा. एका कानाच्या पाळीची वायर एसआरबीच्या (संदर्भाच्या) खालच्या पिनेला, दुसऱ्या कानाची बायसच्या (गोंगाट कमी करणाऱ्या जोडणीच्या) खालच्या पिनेला. बोर्डावरचा खटका पीसीकडे आणि डोंगलवरचा, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या यूएसबी रिसीव्हरवरचा, जीपीआयओ ६कडे हवा. डोंगल रीसेटवर राहिला, तर काहीही केलं तरी जोडणी होत नाही.

संपर्क तपासायला ओपनबीसीआयचा स्वतःचा जीयूआय हा प्रोग्रॅम चांगला आहे, तोही मुक्तच. त्यातल्या इम्पिडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) तपासणीत १० किलोओहमच्या खाली आकडा आला की पुरे. मग जीयूआय पूर्ण बंद करा. एक सिरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम धरू शकतो. ओपनवाइबला बोर्ड सापडत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच निघतं. लिनक्सवर मात्र तुमचं खातं डायलआउट गटात आहे का, तेही बघा. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या पोर्टचा लेटन्सी टायमर १६ वरून १ मिलिसेकंदावर आणा, नाहीतर सिग्नल गचके खात येतो.

बोर्ड बॅटरीवरच चालवा. लॅपटॉपचा चार्जरही काढून ठेवा. यात सुरक्षितता आहेच, शिवाय ५० हर्ट्झची घरघरही निम्म्याहून कमी होऊ शकते. अपस्मार असेल किंवा औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फीडबॅकच्या फंदात पडू नका. या पडद्यावरून कुठलंही निदान होत नाही.

चौकोनांची साखळी

डिझायनर या ओपनवाइबच्या चौकोन जोडायच्या भागात या क्रमाने ठेवा आणि जोडा:

१. अ‍ॅक्विझिशन क्लायंट. पोर्ट १०२४, तो बदलायची गरज नाही.
२. चॅनेल सिलेक्टर. फक्त १ आणि २.
३. टेम्पोरल फिल्टर. बटरवर्थ, बँड पास, ऑर्डर ४, ८ ते १२ हर्ट्झ.
४. टाइम बेस्ड इपॉकिंग. सिग्नलचे तुकडे पाडायला; लांबी १ सेकंद, अंतर ०.१ सेकंद.
५. सिंपल डीएसपी. समीकरणात एक्सचा एक्सशी गुणाकार. मध्ये तारकेचं चिन्ह.
६. सिग्नल अ‍ॅव्हरेज. इथून दर चॅनेलची अल्फाची ताकद बाहेर येते.

सहाव्या चौकोनातून दोन फाटे काढा: एक सिग्नल डिस्प्लेला, दुसरा सीएसव्ही फाइल रायटरला. चॅनेल सिलेक्टरपासून आणखी एक वेगळा फाटा १ ते ४० हर्ट्झच्या फिल्टरमधून दुसऱ्या डिस्प्लेला न्या. लक्ष जास्त या दुसऱ्या डिस्प्लेवरच ठेवावं लागतं, कारण नुसत्या अल्फाच्या आकड्यावरून घोळ कळत नाही. पापणी मिटली की उंचवटा येतो, दात आवळले की रेघ दाट काळी होते, आणि दर सेकंदाच्या आसपास बारीक टोक दिसत असेल तर ते हृदयाचं आहे, कानाच्या वायरीतून आलेलं.

आकडे शून्यच दिसत असतील तर घाबरू नका. १० मायक्रोव्होल्टचा वर्ग १०० होतो, पण तोच सिग्नल व्होल्टमध्ये आला तर दशांशचिन्हानंतर ९ शून्यं लागतात. फिल्टरच्या आधी एक सिंपल डीएसपी टाकून एक्सला १० लाखांनी गुणा. याच कारणामुळे दुसऱ्याच्या सेटअपमधला उंबरठ्याचा (ज्याच्या वर गेलं की सूर वाजतो तो) आकडा उचलून चालत नाही.

आता कसोटी. २ मिनिटं डोळे उघडे, २ मिनिटं मिटलेले, खांदे सैल, जबडा सैल. डोळे मिटल्यावर ओ१-ओ२ची ताकद स्पष्ट वाढायला हवी. वाढली नाही तर आधी संपर्क बघा, मग जागा. सगळं ठीक असूनही फरक नसेल तर काही निरोगी माणसांत अल्फा मुळातच क्षीण असतो. अशा वेळी अल्फाचं प्रशिक्षण सोडून द्या; फिल्टर अरुंद करत बसलात तर गोंगाटातही काहीतरी लहरीसारखं दिसायला लागेल.

उंबरठा आणि सूर

डोळे मिटलेल्या २ मिनिटांची फाइल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. पहिले १० सेकंद काढून टाका, फिल्टर तेवढ्यात स्थिरावतो. उरलेल्या ओळींवर पर्सेंटाइल फंक्शन ०.४ने चालवा. येणारा आकडा उंबरठा धरला तर सूर जवळपास ६० टक्के वेळ वाजतो, म्हणजे कान कंटाळतही नाहीत आणि निराशही होत नाहीत.

सिग्नल अ‍ॅव्हरेजनंतर सिंपल डीएसपीत एक्समधून तो आकडा वजा करा, त्यापुढे साइन चेंज डिटेक्टर, मग साउंड प्लेयर. धन झाल्यावर लेबल ००, ऋण झाल्यावर लेबल ०१. प्लेयरमध्ये पहिल्याला सुरू, दुसऱ्याला बंद, आणि लूप चालू. तंबोऱ्याची किंवा साध्या सुराची वेव्ह फाइल चालेल. एखादं गाणं नको, मन चालीमागे धावतं. सूर डोळे मिटून ऐकायचा असतो. पडद्यावरचा पट्टा बघायला डोळे उघडले की अल्फा पडणारच.

सूर उशिरा वाजतो ही तक्रार हमखास येते. इपॉकिंगच्या १ सेकंदाच्या खिडकीमुळे साधारण अर्धा सेकंद जातोच. सर्व्हरमध्ये एका ब्लॉकला ३२ नमुने ठेवले असतील तर २५० हर्ट्झवर आणखी १२८ मिलिसेकंद जातात. ते ८वर आणा. ब्लूटूथ हेडफोन यात आणखी भर घालतो, म्हणून वायरचा वापरा.

बैठक १५ ते २० मिनिटांची पुरे. सत्राच्या मधेच, सूर कमी वाजतोय म्हणून उंबरठा खाली आणू नका. तसं केलं तर अल्फा घसरत असतानाही शाबासकी मिळत राहते.

आपल्याला खरंच काही जमतंय का, हे तपासायची एक सोय ओपनवाइबमध्येच आहे. जनरिक स्ट्रीम रायटरने प्रत्येक सत्र ओव्ही फाइलमध्ये साठवा. एखाद्या दिवशी घरातल्या कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, स्ट्रीम रीडरवरून जुनी फाइल सुराच्या फाट्याला जोडायला लावा. तुमचा खरा अल्फा वेगळ्या फाइलमध्ये नोंदत राहू द्या. खोट्या सुरावरही अल्फा तितकाच वाढत असेल, तर वाढ शांत बसण्याची आहे, फीडबॅकची नव्हे.

शेवटी कप कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. पेस्ट सुकू दिली तर पुढच्या वेळी इम्पिडन्स खाली आणता येत नाही, आणि खरवडलं तर सोन्याचा मुलामाच निघतो.