सोलापूरच्या वाळल्या लाकडातील भुंगेरे : शोध, ओळख आणि नोंद

जगात आजवर वर्णन झालेल्या सुमारे 10 लाख कीटक-प्रजातींपैकी जवळपास 4 लाख प्रजाती एकट्या भुंगेऱ्यांच्या आहेत आणि त्यांतील पुष्कळ प्रजातींची अळी मेलेल्या किंवा मरू घातलेल्या लाकडातच वाढते. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात असे किती भुंगेरे सापडणार, ही शंका साहजिक आहे. पण बांधावरची वठलेली बाभूळ, कुंपणाला लावलेल्या बोरीच्या फांद्या, वस्तीवर रचलेले सरपण आणि उपटून टाकलेली डाळिंबाची झाडे एवढे साहित्य अभ्यासाला पुरेसे आहे. आधी लाकूड नीट पाहावे आणि भुंगेरा त्यानंतर शोधावा, हा क्रम सोडू नये.

लाकूड पाहताना झाड कोणते, फांदीची जाडी किती, साल घट्ट आहे की सुटलेली आणि झाड साधारण कधी तोडले, या गोष्टी जागेवरच लिहून घ्याव्यात. त्यानंतर छिद्रे आणि भुसा यांकडे वळावे, कारण कीटक निघून गेला तरी कुळाचा अंदाज बहुधा त्यांवरूनच बांधता येतो. बारीक, गोल छिद्रांमधून मैद्यासारखी भुकटी झडत असेल, तर ते काम बॉस्ट्रिकिडी कुळाचे समजावे. जुन्या माळवदाच्या तुळयांतून पडणारी भुकटीही बऱ्याचदा याच कुळाची असते. छिद्र लंबगोल किंवा एका बाजूने सपाट असून आतला चपटा बोगदा भुश्याने ठासून भरलेला असेल, तर तो ब्युप्रेस्टिडी, म्हणजे चकाकत्या रंगांच्या ज्वेल बीटलचा असण्याची शक्यता अधिक. सेरॅम्बिसिडी, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांची छिद्रे त्यामानाने मोठी असतात आणि त्यांच्या भुश्यात लाकडाचे धागे दिसतात. वाळवीने खाल्लेल्या लाकडात मातीचे लिंपण सापडते, त्यामुळे तिचा घोटाळा सहसा होत नाही.

नुकत्याच तोडलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर हमखास आढळणारा, बॉस्ट्रिकिडी कुळातला सायनोझायलॉन हा सरावासाठी उत्तम नमुना आहे. तो 4-5 मिलिमीटरचाच असल्याने दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. वरून पाहिले तर डोके दिसतच नाही, कारण छातीचा फुगीर भाग त्यावर टोपीसारखा आलेला असतो आणि त्या भागाच्या पुढच्या उतारावर कानशीच्या दातांसारखे खवले असतात. मिशांची शेवटची तीन पेरे पंख्याप्रमाणे पसरलेली असतात. मागच्या टोकाकडे पाहावे, तर पंखांवरची कठीण झाकणे तिरकी छाटल्याप्रमाणे संपतात आणि त्या उतारावर दोन काटे उभे असतात. त्याची अळी हुमणीप्रमाणे वाकलेली असते.

इतर कुळांसाठी मिशा आणि पायांच्या टोकाची पेरे मोजण्याची सवय लावून घ्यावी. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांत पाच पेरांपैकी चौथे इतके लहान आणि दडलेले असते की चारच पेरे आहेत असे वाटते. टेनेब्रिओनिडी कुळात पुढच्या चार पायांना पाच-पाच, तर मागच्या दोन पायांना चार-चार पेरे असतात. पाठीवर ठेवल्यावर 'टक्' आवाज करून उसळणारा भुंगेरा एलॅटेरिडी कुळातला. रंगावरून ओळख ठरवण्याचा मोह मात्र टाळावा.

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे लाकडातून भुंगेरे निघू देणे. हातभर लांबीचे तुकडे झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवून झाकणाला मोठे भोक पाडावे आणि त्यावर बारीक जाळी बसवावी. बाजूच्या दुसऱ्या छिद्रात पारदर्शक बाटली खोचली की बाहेर पडलेले भुंगेरे उजेडाच्या ओढीने तिच्यात येतात. एका पिंपात एकाच झाडाचे आणि एकाच ठिकाणचे लाकूड असावे. एप्रिल-मेच्या उन्हात पिंप उघड्यावर राहिले तर आतल्या अळ्या भाजून निघतील, म्हणून ते सावलीत ठेवून अधूनमधून पाण्याचा हलका फवारा द्यावा. पहिल्या पावसानंतर रोज पाहणी करावी. काही प्रजातींना बाहेर यायला वर्षाहून अधिक काळ लागतो, त्यामुळे पहिला हंगाम रिकामा गेला म्हणून लाकूड चुलीत घालू नये. पिंपातून निघालेला प्रत्येक कीटक लाकूडखाऊ असतो असेही नाही: क्लेरिडी कुळातले भुंगेरे पोखरणाऱ्या अळ्यांवरच जगतात आणि त्या अळ्यांवर वाढणाऱ्या गांधीलमाश्याही बाहेर येतात.

जिवंत झाडावरची कीड मात्र वेगळ्या वहीत नोंदवावी. सांगोला-पंढरपूर भागातील डाळिंबाच्या खोडावर टाचणीएवढी छिद्रे पाडणारा भुंगेरा, ज्याला शेतकरी पिन होल किंवा शॉट होल बोरर म्हणतात, तो लाकूड न खाता बोगद्यात स्वतः वाढवलेल्या बुरशीवर जगतो. बाभळीचा आणि द्राक्षवेलीचा सेलोस्टेर्ना हा लांब मिशांचा भुंगेराही जिवंत खोडच पोखरतो. दुसऱ्या बाजूला, द्राक्षवेलीत शिरणारा त्याच कुळातला स्ट्रोमॅशियम वाळल्या लाकडातही वाढतो. असे दोन्हीकडचे सदस्य सापडले की यादीत तसे स्पष्ट लिहावे.

प्रसाराच्या नोंदीत सर्वाधिक फसवणूक लाकडाच्या वखारीत होते. तिथला ओंडका विदर्भातून किंवा परदेशातूनही आलेला असू शकतो, शिवाय बॉस्ट्रिकिडी कुळातल्या प्रजाती पॅकिंगच्या लाकडातून जगभर पोहोचल्या आहेत. त्यामुळे वखारीतला नमुना जिल्ह्याच्या यादीत धरू नये. 'वखार, मूळ ठिकाण अज्ञात' असा शेरा द्यावा. याउलट बार्शीकडच्या बालाघाटच्या टेकड्या, मंगळवेढ्याचे कोरडे माळ आणि उजनीच्या कालव्यालगतचा ओलिताचा पट्टा यांतून एकाच जातीच्या झाडाचे लाकूड गोळा केले, तर ओलाव्यानुसार प्रजाती कशा बदलतात याची तुलना करता येईल. तपासूनही काही न सापडलेल्या लाकडाची नोंद ठेवावी, कारण पुढे तुलना करताना तिच्यावाचूनच अडते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय लाकूड किंवा कीटक उचलू नये.

नमुना टाचणीवर लावताना टाचणी पंखांवरच्या उजव्या कठीण झाकणातून घालावी. सायनोझायलॉनएवढे छोटे भुंगेरे कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवावेत. चिठ्ठीवर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, झाडाचे नाव आणि लाकडाची स्थिती लिहावी. प्रजातीची खात्री नसेल तर कुळापाशी थांबावे आणि नमुने पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावेत. चिठ्ठी नसलेला नमुना तिथे नेण्यात अर्थ नाही.